उजेडासाठी बांधलेली इमारत : वेस्टनच्या बंद मनोरुग्णालयात कॅमेरा घेऊन

कुणी जरा तऱ्हेवाईक वागलं की आपल्याकडे सहज म्हणतात, "ह्याला ठाण्याला न्या रे." पुणेकर ठाण्याऐवजी येरवडा म्हणतात, कोकणात रत्नागिरी आहे, आणि नागपूरकरांना गाव सोडायचीही गरज पडत नाही. ही चारही मनोरुग्णालयं चालती आहेत. तिथे माणसं उपचार घेत आहेत, त्यामुळे गळ्यात कॅमेरा अडकवून तिथल्या कुंपणाशी घुटमळणं हा शुद्ध आगाऊपणा. हा लेख रिकाम्या झालेल्या एका जागेबद्दल आहे, आणि ती जागा अमेरिकेत आहे : वेस्ट व्हर्जिनियातल्या वेस्टन गावचं ट्रान्स-अ‍ॅलेगेनी ल्युनॅटिक असायलम.

मी पिट्सबर्गच्या बाजूला राहतो. आय-७९ हा महामार्ग धरून सरळ दक्षिणेला निघालं की दोनेक तासांत वेस्टन येतं. आतापर्यंत तीनदा गेलो. पहिल्या खेपेला दोनशेच्या वर फोटो काढले आणि त्यातला एकही आज दाखवावासा वाटत नाही. सगळे काळोखे, सगळे भयपटाच्या पोस्टरसारखे. चूक कॅमेऱ्याची नव्हती. जागा कशासाठी बांधली होती हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

आधी इमारत समजून घ्या

फिलाडेल्फियाचे डॉक्टर थॉमस स्टोरी किर्कब्राइड यांचं ठाम मत होतं की मनोरुग्णाला बरं करण्यात इमारतीचा वाटा औषधाइतका असतो. १८५४ साली त्यांनी अशा रुग्णालयाच्या बांधणीचे नियम पुस्तकरूपात छापले. मधोमध कार्यालयाची मुख्य वास्तू आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंख, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया. पण हे पंख सरळ रेषेत नसतात. प्रत्येक पुढचा पंख आधीच्यापेक्षा थोडा मागे सरकलेला असतो. वरून पाहिलं तर उडणाऱ्या बगळ्यांच्या रांगेसारखा आकार दिसतो. मागे सरकवण्याचं कारण अगदी साधं : प्रत्येक वॉर्डच्या टोकाला मोकळी खिडकी मिळावी, वारा आरपार जावा, ऊन आत यावं. जास्त आरडाओरडा करणाऱ्या रुग्णांना दूरच्या पंखात ठेवत आणि माणूस सुधारला की मधल्या वास्तूच्या जवळ आणत.

म्हणजे ही इमारत उजेडासाठी बांधलेली आहे. फोटो काढताना हे एक वाक्य डोक्यात राहिलं तरी अर्धं काम झालं. कुठे उभं राहायचं, कधी जायचं, कुठली लेन्स लावायची, सगळं त्यातून निघतं.

वेस्टनचं बांधकाम १८५८ मध्ये सुरू झालं. वास्तुविशारद बाल्टिमोरचे रिचर्ड स्नोडेन अँड्र्यूज. दगड जवळपासच्या खाणींतला, घडवायला जर्मनी आणि आयर्लंडहून आलेले पाथरवट. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि बांधकाम थांबलं. बांधकामासाठी गावच्या बँकेत ठेवलेलं सुमारे ३० हजार डॉलरचं सोनं ओहायोच्या सैनिकांनी येऊन उचलून नेलं. युद्ध चालू असतानाच, १८६३ मध्ये, वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य झालं, १८६४ मध्ये पहिले रुग्ण आले आणि संपूर्ण इमारत पुरी व्हायला १८८१ उजाडलं. लांबी जवळपास पाव मैल. पंधरा डब्यांची विरार लोकल समोर उभी केली तरी इमारत तिच्या पुढे उरेल.

सोय केली होती २५० रुग्णांची. १८८० मध्येच ७१७ होते, आणि १९५० च्या दशकात आकडा २४०० च्या पुढे गेला. एकाच्या खोलीत चार-पाच खाटा लागल्या की किर्कब्राइडचा वारा आणि ऊन कुठून पुरणार? त्याच काळात गर्दी कमी करण्याचा उपाय म्हणून राज्याच्या पाठिंब्याने डॉक्टर वॉल्टर फ्रीमन यांनी लोबोटॉमीची, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले दुवे तोडणाऱ्या शस्त्रक्रियेची, मोहीम राबवली, त्यात हे रुग्णालयही होतं. शेवटी १९९४ मध्ये ते बंद झालं आणि रुग्णांसाठी त्याच गावात नवं रुग्णालय उभं राहिलं. जुनी वास्तू २००७ मध्ये लिलावात १५ लाख डॉलरना विकली गेली. खरेदीदाराने बांधकामाच्या वेळचं मूळ नाव पुन्हा लावलं. 'ल्युनॅटिक' हा शब्द पाटीवर परत आला म्हणून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या लोकांनी आक्षेपही घेतला. मला तो आक्षेप पटतो, पण लेखात नाव बदलून लिहिलं तर जागा शोधायला गेलेला माणूस अडकेल, म्हणून तेच ठेवलंय.

परवानगी : इथे शॉर्टकट नाही

वेस्टन निवडण्याचं मुख्य कारण हे की तिथे तिकीट काढून आत जाता येतं. दिवसा इतिहासाचे दौरे असतात, रात्री भुताखेतांचे. हिवाळ्यात दौरे बंद असतात, त्यामुळे तारखा आधी पाहा. साध्या दौऱ्यात गाइडबरोबर पंधरा-वीस माणसं असतात आणि तुम्ही ट्रायपॉड उभा करेपर्यंत मंडळी पुढच्या मजल्यावर पोचतात. तेव्हा दोन गोष्टी करा. पहिल्या दिवशी साधा दौरा घ्या, कॅमेरा खिशातलाच, आणि कुठल्या खोल्या, कुठल्या खिडक्या, किती वाजता कुठे ऊन, एवढंच वहीत टिपा. मग आधी ईमेल करून छायाचित्रणासाठी वेगळा वेळ मागा. ईमेलमध्ये चार प्रश्न नक्की विचारा : ट्रायपॉड चालेल का, किती तास मिळतील, कुठले मजले बंद आहेत, आणि फोटो विकायचे किंवा छापायचे असतील तर काय अटी आहेत. उत्तराची प्रिंट काढून खिशात ठेवा. दारावरच्या माणसाला तुमचा ईमेल माहीत असेलच असं नाही.

आता कुंपणावरून उडी मारण्याबद्दल. अमेरिकेत ओसाड इमारती पुष्कळ आहेत आणि त्यांत चोरून शिरणाऱ्यांचे फोटो पाहून हात शिवशिवतात, मला ठाऊक आहे. पण आपल्यातले पुष्कळजण व्हिसावर आहेत. व्हिसासाठीच्या डीएस-१६० अर्जात 'तुम्हाला कधी अटक झाली आहे का' हा प्रश्न असतो, आणि खटला पुढे निकालात निघाला तरी अटक झालेली असते. परवानगीशिवाय घुसल्याचा साधा गुन्हाही मग दर वेळी खुलासा करत बसायचा विषय होतो. एका फोटोसाठी हे कुणी करू नये.

वेस्टन दूर पडत असेल तर किर्कब्राइडच्या नकाशाप्रमाणे बांधलेल्या आणखी काही जागा रीतसर पाहता येतात. ओहायोतल्या अथेन्सला १८७४ साली उघडलेलं रुग्णालय आता विद्यापीठाकडे आहे आणि मधल्या वास्तूत कलासंग्रहालय आहे. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीला जुन्या वॉर्डांत दुकानं आणि घरं झाली आहेत. बफेलोची हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी रेखलेली जोडमनोऱ्यांची वास्तू तर हॉटेल म्हणून वापरात आली. तिथे सुटलेल्या रंगाचे पोपडे मिळणार नाहीत, पण नकाशा तोच आहे.

धूळ, शीट आणि लाकूड

भुताची भीती घरी ठेवा. खरी भीती धुळीची आहे.

जुन्या रंगात शिसं असतं. इमारतीचं तापवणं बंद झालं की हिवाळ्यात भिंती गोठतात, उन्हाळ्यात ओल धरतात, आणि रंग गिलाव्यापासून सुटून त्याचे पोपडे वळतात. आपण ज्यांचे फोटो काढायला धडपडतो ते हेच पोपडे. ते पायाखाली चुरडले की शिशाची धूळ होते. पाइपांभोवतीच्या आवरणात आणि फरश्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यातला तोच, पण इथे भुगा होऊन हवेत उडणारा. शिवाय कबुतरं आणि वटवाघळं. त्यांच्या शीटेत हिस्टोप्लाझ्मा नावाची, फुफ्फुसांना बाधणारी बुरशी वाढते, आणि ओहायो नदीचं खोरं हे त्या बुरशीचं जगातलं एक ठळक ठाणं आहे. वेस्टन त्याच खोऱ्यात येतं.

दौऱ्याच्या साफ केलेल्या भागात याचा फारसा त्रास होत नाही. पण छायाचित्रणाच्या वेळेत दुरुस्ती न झालेल्या भागात जाणार असाल तर पी-१०० फिल्टरचा अर्धा मुखवटा घ्या. एन-९५ शीटेच्या धुळीला काही प्रमाणात चालतो, अ‍ॅस्बेस्टॉससाठी तो पुरेसा धरत नाहीत. आणि दाढी असेल तर कुठलाच मुखवटा चेहऱ्याला नीट चिकटत नाही. दुसऱ्या खेपेला मी आठवडाभराच्या खुंटांसह गेलो होतो आणि संध्याकाळी नाक शिंकरल्यावर रुमाल राखाडी झाला. तेव्हापासून आदल्या रात्री गुळगुळीत दाढी करतो.

पायात जाड तळाचे बूट, कारण खिळे वर आलेले असतात. लाकडी जमिनीवर जिथे ओलीचा काळा डाग किंवा शेवाळ दिसेल तिथे पाय टाकू नका, वर छत फुटलेलं असेल तर खालची जमीन कुजलेली आहे असं समजूनच चाला. भिंतीच्या कडेने चालणं मधोमध चालण्यापेक्षा बरं, तुळयांची टोकं तिथे टेकलेली असतात. जिन्याच्या कठड्याला रेलू नका. कॅमेऱ्यातून पाहत मागे-मागे सरकू नका, ही सवय ओसाड इमारतीत सगळ्यात महाग पडते. एकटं जाऊ नका, आणि प्रत्येकाकडे दोन विजेऱ्या असू द्या, एक डोक्याला, एक हातात.

कॅमेऱ्याची पिशवी

थोडकं सामान. पूर्ण फ्रेमचा कॅमेरा असेल तर १६-३५ मिमीची एक लेन्स आणि ५० किंवा ८५ची एक. धुळीत लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर रांगोळी काढून घ्यायची. त्यामुळे आधी सगळे रुंद फोटो संपवा, बाहेर गाडीत जाऊन लेन्स बदला, मग बारकाव्यांकडे वळा. ट्रायपॉड हवाच. रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद करा. लाकडी जमिनीवर कुणी शेजारून चाललं तरी फोटो हलतो, म्हणून शटर उघडं असताना सगळ्यांनी पुतळे व्हायचं. फोनवाल्यांनी निराश होऊ नये : छोटा ट्रायपॉड, रॉ फॉरमॅट, मुख्य लेन्स, आणि अति रुंद लेन्सचा मोह टाळणं, एवढ्यावर चांगलं काम होतं.

कॉरिडॉर

इथे जरा थांबून सांगतो, कारण वेस्टनला जाणारा प्रत्येकजण हाच फोटो काढतो आणि बहुतेकांचा वाकडा येतो.

आधी कॉरिडॉरचा मध्य शोधा. डोळ्यांनी नाही, पावलांनी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं मोजा आणि अर्ध्यावर ट्रायपॉड ठेवा. कॅमेऱ्याची उंची साडेचार-पाच फूट. खूप खाली नेलात तर कचराच कचरा दिसतो. मग कॅमेरा पूर्ण समतल करा, वर-खाली अजिबात झुकवू नका, नाहीतर दोन्हीकडच्या चौकटी एकमेकींवर कलतात. स्क्रीनवर ग्रिड लावा आणि पाहा : डावीकडच्या पहिल्या दाराची चौकट फ्रेमच्या कडेपासून जेवढी दूर आहे तेवढीच उजवीकडची आहे का? नसेल तर कॅमेरा वळवू नका, सगळा ट्रायपॉड उचलून दोन-चार इंच सरकवा. वळवल्याने ही चूक लपते, सुटत नाही.

आता उजेड. कॉरिडॉरच्या टोकाची खिडकी लखलखीत असते आणि भिंती काळोखात. एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. आयएसओ १००, एफ/८, मॅन्युअल. आधी खिडकीपुरता उजेड मोजा. समजा १/६० सेकंदाला खिडकीबाहेरची झाडं दिसतात. मग तिथून दोन-दोन स्टॉप (म्हणजे दर वेळी चौपट उजेड) वर चढत पाच फोटो : १/६०, १/१५, १/४, १ सेकंद, ४ सेकंद. २० मिमीवर साधारण सात फुटांवर फोकस केलात तर तीन-साडेतीन फुटांपासून टोकापर्यंत सगळं स्वच्छ येतं. फोकस एकदा झाला की मॅन्युअलवर टाका, नाहीतर अंधारात कॅमेरा शोधत बसतो.

हे पाच फोटो घरी जोडताना हात आखडता घ्या. माझ्या पहिल्या खेपेचे फोटो मी एचडीआरच्या (कमी-जास्त उजेडाचे फोटो आपोआप जोडण्याच्या) एका बटणावर सोडले होते. भिंती गंजलेल्या लोखंडासारख्या, खिडक्या करड्या. खिडकी थोडी जळालेली, म्हणजे पांढरीफटक, राहू द्या. डोळ्यालाही ती तशीच दिसते, आणि उजेड बाहेरून आत येतोय हे तिच्यामुळेच कळतं.

वेळेबद्दल लोकांचा गैरसमज आहे. कडक उन्हाचा दिवस कॉरिडॉरला वाईट, ढगाळ दिवस उत्तम, कारण खिडकी आणि भिंत यांच्या उजेडातलं अंतर कमी होतं. उलट बाजूच्या खोल्यांना ऊन हवं. सकाळी एका बाजूच्या खोल्यांची उघडी दारं कॉरिडॉरमध्ये उजेडाचे पट्टे टाकतात, दुपारनंतर दुसऱ्या बाजूची. इमारत कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते नकाशावर पाहून ठेवा, सूर्याची दिशा दाखवणारं कुठलंही अ‍ॅप पुरतं. आणि पंख जिथे मागे सरकतो ती सांध्याची जागा चुकवू नका. तिथे दोन-तीन बाजूंनी उजेड येतो. माझा सगळ्यात बरा फोटो अशाच एका सांध्यातला आहे, त्यात फक्त एक रिकामी खुर्ची आणि जमिनीवरचं ऊन आहे. खुर्ची तिथेच होती, मी हलवली नाही.

रंगांचा एक त्रास सांगून ठेवतो. उन्हाळ्यात खिडकीबाहेरची झाडी आतल्या फिक्या हिरव्या-निळ्या भिंतींवर आणखी हिरवा रंग फेकते, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून कॅमेरा करतो ती जुळणी) प्रत्येक फोटोत वेगळा अंदाज बांधतो. ५२०० केल्विनवर पक्कं करून टाका, एका खोलीत एकदा ग्रे कार्डचा फोटो घ्या, बाकी घरी. पोपड्यांसाठी फ्लॅश नको. खिडकीचा आडवा उजेड भिंतीवरून घासत जात असेल तिथे ८५ची लेन्स लावा, प्रत्येक पोपड्याला आपली सावली मिळते. ज्या खोल्यांना खिडकीच नाही तिथे २०-३० सेकंदांचं शटर ठेवून विजेरी भिंतीवर, कॅमेऱ्याच्या बाजूने नव्हे तर आडवी, सावकाश फिरवा.

काय काढायचं नाही

चाकाची खुर्ची ओढून कॉरिडॉरच्या मधोमध आणायची, मैत्रिणीला पांढरा गाउन घालून भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, बाहुली खाटेवर ठेवायची. असे फोटो हजारो आहेत. शेकडो माणसांनी ज्या खोलीत आयुष्य काढलं तिथे आपण नाटक लावतोय, एवढं समजलं तरी पुरे. वस्तू हलवायच्या नाहीत, उचलून न्यायच्या तर नाहीतच.

कागदांवर, पेट्यांवर, भिंतींवर कुणाचं नाव दिसलं तर तो भाग फ्रेमबाहेर ठेवा किंवा प्रकाशित करू नका. त्यांची नातवंडं आज हयात असू शकतात आणि आजी कुठे होती हे त्यांना घरात कुणी सांगितलेलं नसेल. न्यूयॉर्क राज्यातलं विलर्ड हे मनोरुग्णालय बंद झालं तेव्हा, १९९५ मध्ये, तिथल्या माळ्यावर रुग्णांच्या चारशेच्या वर बॅगा सापडल्या. भरती होताना आणलेल्या, पुन्हा कधी न उघडलेल्या. त्या राज्याच्या संग्रहालयाने जपल्या, पण मालकांची पूर्ण नावं जाहीर करण्यावरून बराच वाद झाला. अशा संस्थांच्या मागे बहुधा दफनभूमीही असते, आणि पुष्कळ थडग्यांवर नावाऐवजी नुसता आकडा. तिथे मी कॅमेरा पिशवीत ठेवतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, माझा आहे.

फोटोखाली मजकूर लिहिताना 'वेड्यांचं घर', 'किंकाळ्यांचा महाल' वगैरे नको. इमारतीचं नाव, पंख, मजला, तारीख, वेळ. पंचवीस वर्षांनी छत दुरुस्त करणाऱ्याला त्या मजकुराचा उपयोग होईल.

संध्याकाळचा फोटो, आणि परतताना

बाहेरून सगळी इमारत एका फोटोत घ्यायचा हट्ट असेल तर रुंद लेन्सने ती रेल्वेच्या फलाटासारखी चपटी होते. लांब उभे राहा, ५० मिमी, कॅमेरा उभा, ट्रायपॉड समतल, आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येक फोटोत मागचा एक तृतीयांश भाग घेत सात-आठ फोटो. एक्स्पोजर आणि फोकस मध्ये बदलायचा नाही. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी दगडाचा रंग आणि आकाश जुळतात. मनोऱ्यातल्या घड्याळाच्या बाजूला ढगाची एखादी रेघ असेल तर नशीब.

मग गाडीपाशी या. बूट आणि वरचे कपडे तिथेच उतरवा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, घरी वेगळे धुवा. लहान मूल रांगत असेल तर ती पिशवी घरात नेऊच नका, शिसं सगळ्यात आधी मुलांना बाधतं. ट्रायपॉडचे पाय ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. तोंड आणि हात साबणाने दोनदा धुवा. बायकोने बांधून दिलेल्या दशम्या त्यानंतरच उघडायच्या, मग कितीही भूक लागलेली असो.